खासगी प्राथमिक शाळेतील शिक्षक आणि मराठीतील शाळाविषयक लेखन : एक चिकित्सा

प्रास्ताविक

मराठीत शाळेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. शिक्षकदिनाच्या विशेषांकांचे ढीग बाजूला ठेवले तरी आत्मकथने, कादंबऱ्या, व्यक्तिचित्रे आणि प्रयोगशील शाळांच्या हकिकती मिळून या विषयाचे एक स्वतंत्र दालन सहज भरेल. या दालनात विनाअनुदानित खासगी प्राथमिक शाळेत महिन्याच्या पगारावर काम करणारा शिक्षक मात्र शोधूनही सहजी सापडत नाही. तो का सापडत नाही आणि त्याच्या नसण्याने या लेखनाच्या आशयावर काय परिणाम झाला आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हा प्रश्न मला सुचला असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. तो एका जुन्या विद्यार्थिनीने विचारला. मराठी घेऊन बी.ए. झालेली, पुढे डी.एड. केलेली ही मुलगी चांदूर बाजार तालुक्यातील एका खासगी प्राथमिक शाळेत तिसरीच्या वर्गाला शिकवते. (चांदूर म्हटले की बाहेरचा पाहुणा हटकून चांदूर रेल्वेला जाऊन पोहोचतो. नरखेड मार्गामुळे आता आमच्या चांदुरातही गाडी थांबते, तरी हा घोटाळा मिटलेला नाही.) तिला नोकरी लागली तेव्हा मी कौतुकाने दोन पुस्तके दिली : गिजुभाई बधेका यांचे ‘दिवास्वप्न’ आणि तेत्सुको कुरोयानागी यांचे ‘तोत्तोचान’. दोन महिन्यांनी तिने ती परत आणून दिली. पुस्तके तिने मनापासून वाचली होती. कडेला पेन्सिलीच्या खुणाही होत्या. निघताना दारात थांबून म्हणाली, “सर, पुस्तकं लय आवडली. पण ह्या मास्तरले पगार कोन देते?”

मी हसलो. ती हसली नाही. तासिका तत्त्वावर ज्यांनी काही वर्षे काढली आहेत अशा आपल्यापैकी अनेकांना त्या प्रश्नाचे वजन निराळे सांगावयाची गरज नाही. मीही त्यांतलाच, आणि तरीही हसलो, ही गोष्ट मला पुढे बरेच दिवस बोचत राहिली.

संज्ञेचा प्रश्न

‘स्वतंत्र प्राथमिक शाळा’ या शब्दांनी आपण एकाच वेळी चार निरनिराळ्या गोष्टी बोलत असतो. पहिली पंतोजीची शाळा. इंग्रजी अमदानीत सरकारी शिक्षणखाते उभे राहण्यापूर्वी आणि नंतरही बराच काळ गावोगावी पंतोजी मुलांना धुळाक्षरे आणि हिशेब शिकवीत असे. त्याचा चरितार्थ पालकांनी दिलेल्या धान्यावर, सणावारी मिळणाऱ्या सिध्यावर चाले. त्याला ना खाते होते ना अनुदान. मराठी लेखनात तो आला तो मुख्यतः छडीसकट, चेष्टेचा विषय म्हणून. त्याच्या शिदोरीचा विचार फारसा कोणी केला नाही.

दुसरी शाळा ध्येयवाद्याची. भावनगरचे दक्षिणामूर्ती, ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांचे बोर्डी-कोसबाड येथील काम, लीला पाटील यांनी १९८५ मध्ये कोल्हापुरात सुरू केलेले सृजन आनंद विद्यालय, मॅक्सीन बर्नसन यांचे फलटणचे कमला निंबकर बालभवन ही तिची ठळक उदाहरणे. आपल्या जिल्ह्यात नांदगाव खंडेश्वर तालुक्यातील मंगरूळ चव्हाळा येथे फासेपारधी मुलांसाठी मतीन भोसले यांनी उभी केलेली ‘प्रश्नचिन्ह’ ही शाळा याच परंपरेतील म्हणावी लागेल. तिसरी शाळा शासनाच्या धोरणातून जन्मलेली. २००१ मध्ये ‘कायम विनाअनुदानित’ या अटीवर शाळांना परवानगी देण्याचे धोरण आले. २००९ मध्ये ‘कायम’ हा शब्द वगळला गेला आणि मग टप्प्याटप्प्याने मिळणाऱ्या अनुदानासाठी वर्षानुवर्षे मोर्चे आणि उपोषणे झाली. चौथी शाळा २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळा अधिनियमातून निघालेली. तिने अनुदानाचा प्रश्नच संपविला. तिच्या दारात पिवळी बस उभी असते आणि पाटीवर बहुधा ‘कॉन्व्हेंट’ असे लिहिलेले असते, मग त्या गावात ख्रिस्ती धर्माचे एकही घर नसो.

तालुक्याच्या गावी नोकरी शोधणाऱ्या डी.एड. झालेल्या मुलीच्या वाट्याला येते ती तिसरी किंवा चौथी शाळा. तिच्या हाती आपण पुस्तक देतो ते दुसऱ्या शाळेचे. माझ्या विद्यार्थिनीचा प्रश्न या फटीतून आलेला आहे.

कायद्याच्या बाजूने एक गोष्ट येथेच नोंदविली पाहिजे. महाराष्ट्र खासगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७ हा कायदा शाळेला अनुदान असो वा नसो, लागू आहे. म्हणजे वेतन, रजा, नोकरीतून कमी करण्याची रीत या बाबतीत कागदावर हा शिक्षक निराधार नाही. कागद आणि पगारपत्रक यांच्यातील अंतर हा समाजशास्त्राच्या अभ्यासकांचा प्रांत आहे. साहित्याच्या अभ्यासकाने विचारावयाचा प्रश्न इतकाच की, एवढ्या मोठ्या अंतरात रोज उभ्या असलेल्या माणसाकडे आपल्या लेखकांचे लक्ष का गेले नाही?

संस्थापकाचा आवाज

प्रयोगशील शाळांविषयीचे लेखन कोण करते, हे पाहिले की उत्तराचा एक धागा हाती लागतो. हे लेखन बहुतांशी ज्यांनी शाळा काढली त्यांनी केलेले आहे. लीला पाटील यांच्या पुस्तकाचे नाव ‘प्रवास ध्यासाचा... आनंद सृजनाचा’ असे आहे. नावातील दोन्ही शब्द, ध्यास आणि आनंद, संस्थापकाच्या अनुभवविश्वातून आलेले आहेत आणि तेथे ते संपूर्ण खरे आहेत. शिक्षक घडविण्याच्या क्षेत्रात हयात घालविल्यावर, नोकरीच्या चौकटीत जे करता आले नाही ते करण्यासाठी काढलेली शाळा ही त्या व्यक्तीची निवड असते. तिची ओढाताण, पैशाची चणचण, पालकांची शंका हे सारे तिने आपण होऊन अंगावर घेतलेले असते. म्हणून त्या कष्टांचे वर्णन करताना लेखनात एक उजेड येतो. तो उजेड खोटा नाही.

अडचण उद्भवते ती हे पुस्तक नोकरी करणाऱ्या शिक्षकाच्या हाती आदर्श म्हणून पडते तेव्हा. निवडलेली झळ आणि वाट्याला आलेली झळ यांत फरक असतो. संस्थापक सहा महिने मानधन न घेता राहिला तर तो त्याग होतो. त्याच शाळेतील शिक्षिकेला तीन महिने पगार मिळाला नाही तर ती थकबाकी होते. मराठीतील शाळाविषयक लेखनाने या दोहोंसाठी एकच शब्द वापरला आहे : सेवाभाव. शासनानेही तो उचलला. २००० मध्ये नव्या शिक्षकाला सुरुवातीची तीन वर्षे ठरावीक मानधनावर नेमण्याची योजना आली, तेव्हा त्या पदाला नाव मिळाले ‘शिक्षणसेवक’. एका नैतिक शब्दाचा प्रशासकीय उपयोग कसा होतो, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

‘दिवास्वप्न’ हे १९३२ मधील गुजराती पुस्तक मराठी शिक्षकांनी आपलेच मानले आहे. त्यातील निवेदक शिक्षणाधिकाऱ्याकडे जातो, प्रयोगासाठी एक वर्ग मागतो आणि त्याला चौथीचा वर्ग मिळतो. पहिल्या दिवशी त्याची शांततेची कल्पना मुले उधळून लावतात, मग तो गोष्ट सांगू लागतो आणि वर्ग त्याचा होतो. प्रत्येक मुलाने पाठ्यपुस्तक विकत घेण्याऐवजी त्या पैशांतून वर्गाचे ग्रंथालय उभे करण्याची त्याची कल्पना आजही वाचकाला चकित करते. परंतु या प्रयोगाची रचना नीट पाहावी. निवेदकाला वरिष्ठाची संमती आधीच मिळालेली आहे. मुदत एका वर्षाची आहे. प्रयोग फसला तर त्याची बदली होणार नाही किंवा नोकरी जाणार नाही, कारण मुळात तो नोकरीसाठी आलेलाच नाही. गिजुभाईंनी पुस्तकाला दिलेले नाव या दृष्टीने फार प्रामाणिक आहे. स्वप्नातल्या मास्तराला पगार लागत नाही. माझ्या विद्यार्थिनीने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मुखपृष्ठावरच छापलेले होते, फक्त ते मी तिला वेळेवर सांगू शकलो नाही.

या परंपरेला एक मोठा अपवाद आहे आणि तो सुरुवातीलाच आहे. जोतीराव फुले यांनी स्वतः खासगी शाळा काढल्या. १८४८ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या मुलींच्या शाळेत सावित्रीबाई शिकवीत. म्हणजे संस्थापक आणि शिक्षक एकाच घरात होते. तरीही १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात फुल्यांनी प्राथमिक शिक्षकाच्या पगाराचा आकडा मांडला : बारा रुपयांपेक्षा कमी नको, मोठ्या गावांत पंधरा ते वीस तरी हवेत. प्रशिक्षित आणि पुरेसा पगार असलेला शिक्षक नसेल तर बहुजनांचे प्राथमिक शिक्षण उभे राहणार नाही, ही त्यांची भूमिका होती. त्यात ध्यासाची भाषा नाही, रुपयांची आहे. शाळा काढणाऱ्या माणसाने शिक्षकाच्या वेतनाविषयी असे रोखठोक लिहिण्याची ही रीत पुढच्या शंभर वर्षांतील शिक्षणविषयक ललित लेखनात का टिकली नाही, याचे मला नवल वाटते. कदाचित फुले मागणी सरकारकडे करीत होते आणि नंतरचे संस्थापक स्वतःच मालक झाले होते, हे एक कारण असावे.

दाराआडचा प्रसंग

‘तोत्तोचान’ हे पुस्तक संस्थापकाने लिहिलेले नाही. तोमोए या तोक्योतील खासगी प्राथमिक शाळेत शिकलेल्या मुलीने ते मोठेपणी, १९८१ मध्ये लिहिले. आगगाडीच्या डब्यांत भरणारी ती शाळा आणि तिचे मुख्याध्यापक सोसाकू कोबायाशी यांच्यावर मराठी शिक्षकांनी जीव लावला आहे. डब्यात ‘समुद्रातले काही आणि डोंगरावरचे काही’ आणावयाची त्यांची पद्धत तर कितीतरी बालवाड्यांनी उचलली.

या पुस्तकात वर्गशिक्षिका जवळजवळ अदृश्य आहे. मुलांच्या मनाचा सारा अवकाश मुख्याध्यापकांनी व्यापलेला आहे. ती एकदाच ठळकपणे समोर येते, तेही दाराआडून. ताकाहाशी हा वाढ खुंटलेला मुलगा वर्गात असतो. माणसाला पूर्वी शेपूट होते असे शिकवताना वर्गशिक्षिका त्याला सहज थट्टेने विचारते की तुला अजून शेपूट आहे का? नंतर मुख्याध्यापक तिला स्वयंपाकघरात बोलावून खडसावतात. या प्रश्नाने त्या मुलाला काय वाटेल याचा विचार केला होता का, असे ते विचारतात. तोत्तोचान हे चोरून ऐकते. बाई रडत असतात, चूक कबूल करीत असतात. इतर शिक्षकांसमोर न बोलता मुख्याध्यापकांनी स्वयंपाकघर निवडले, ही गोष्ट त्या मुलीच्या मनात कायमची राहिली.

शिक्षणशास्त्राच्या वर्गांत हा प्रसंग कोबायाशींच्या संवेदनशीलतेचा नमुना म्हणून सांगितला जातो आणि तो तसा आहेच. मला मात्र अलीकडे त्या स्वयंपाकघरातील दुसऱ्या व्यक्तीविषयी वाचावेसे वाटते. त्या दिवशी घरी जाताना बाई काय विचार करीत होत्या? दुसऱ्या दिवशी ताकाहाशीसमोर त्या कशा उभ्या राहिल्या? मुख्याध्यापकांनी ज्या मायेने त्या मुलासाठी शर्यतींचे नियम आखले होते, ती माया आपल्याला आधी कोणी समजावून सांगितली नव्हती, असे त्यांना वाटले असेल का? पुस्तक याविषयी काही सांगत नाही. सांगण्याचे त्याला कारणही नाही, कारण ऐकणारी सात वर्षांची मुलगी दाराच्या बाहेर आहे. शाळाविषयक लेखनात काम करणाऱ्या शिक्षकाची जागा नेमकी कोठे आहे हे या प्रसंगाइतके स्पष्टपणे मला कोठे दिसलेले नाही. चूक त्याची असते आणि ऐकू येते तेही दुसऱ्याच्या कानांनी.

सरकारी मास्तर, प्राध्यापक आणि एकनाथ

कादंबरीकडे वळल्यास चित्र थोडे बदलते, पण आपला शिक्षक तेथेही नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’तील (१९५५) राजाराम सौंदणीकर हा मराठी कादंबरीतील सर्वांत जिवंत प्राथमिक शिक्षक असावा. मेंढक्यांच्या वाडीत तो शाळेपेक्षा शाळेबाहेरच अधिक काम करतो. लोकांची पत्रे, पैसे, भांडणे, तालमीचे बांधकाम हे सारे त्याच्या गळ्यात पडते. आज खासगी शाळेतील शिक्षक ज्या अवांतर कामांनी पिचून जातो त्यांची ही पूर्वपीठिका वाटेल. परंतु राजारामच्या पाठीशी औंध संस्थानचे शाळाखाते आहे. गावातला कोणी दादू त्याच्या वाइटावर टपलेला असला तरी त्याची भाकर दादूच्या हाती नाही. दुष्काळाने वाडी उठते तेव्हा त्याची बदली होते आणि पगार चालू राहतो. गावाचे आणि त्याचे नाते इतके मोकळे राहू शकले याचे एक कारण ही सुरक्षितता आहे. कादंबरीच्या सौंदर्याला त्यामुळे बाध येत नाही, पण आजच्या शिक्षकाने तीत आपला चेहरा शोधावा म्हटले तर तो अर्धाच सापडतो.

खासगी संस्थेतील नोकरी, संस्थाचालकांचे राजकारण, वर्षअखेरीची धास्ती हे विषय मराठी कादंबरीला अपरिचित नाहीत. भालचंद्र नेमाडे यांच्या ‘बिढार’, ‘जरीला’, ‘झूल’ या कादंबऱ्यांतील चांगदेव पाटील हे सारे भोगतो. मात्र तो प्राध्यापक आहे. त्याच्या उपरोधाला, एकटेपणाला आणि एका गावाहून दुसऱ्या गावी सामान हलविण्याला इंग्रजी साहित्य वाचलेल्या माणसाची भाषा आहे. कादंबरी लिहिणारे आणि समीक्षा करणारे बहुतेक प्राध्यापकच असल्याने हा अनुभव आपल्याकडे भरपूर नोंदला गेला, चर्चिला गेला, त्यावर प्रबंध झाले. (मीही त्यावर एक निबंध वाचला आहे.) तिसरीच्या वर्गाला शिकविणाऱ्या बाईंचा अनुभव नोंदविणारे कोणी या वर्तुळात नव्हते.

आपल्या वऱ्हाडातील बुलढाण्याचे सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’मध्ये (२००२) हा विषय दाराशी येऊन परततो. एकनाथ शिकलेला आहे, शिक्षक होण्याची पात्रता त्याच्यापाशी आहे, पण संस्थेला देण्यासाठी डोनेशन नाही. म्हणून तो शेतीत राहतो आणि घर, शेत, संसार तिन्ही बाजूंनी खचत जातो. २००४ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेल्या या कादंबरीची चर्चा शेतकऱ्याच्या दुःखाची कादंबरी म्हणून झाली आणि ती योग्यच होती. पण तिच्यात न लागलेल्या नोकरीचीही एक कादंबरी दडलेली आहे. माझ्या मनात नेहमी येते की एकनाथने कसेबसे पैसे भरले असते आणि तो एखाद्या विनाअनुदानित शाळेत लागला असता तर? कादंबरीचा पुढचा भाग तेथून सुरू झाला असता. तो लिहिला गेलेला नाही. त्या शाळेतही त्याने शेत करणे सोडले नसते, हे मात्र आमच्याकडचा कोणीही सांगेल. विनाअनुदानित शाळेतील कितीतरी गुरुजी सकाळी पाणी द्यायला शेतात आणि अकराला हजेरीला शाळेत असतात.

अनुताईंची वेगळी वाट

या साऱ्या लेखनात एक आत्मकथन माझ्या दृष्टीने निराळे ठरते : अनुताई वाघ यांचे ‘कोसबाडच्या टेकडीवरून’. बालशिक्षणाच्या इतिहासात ताराबाई आणि अनुताई अशी नावे जोडीने घेतली जातात, पण दोघींच्या जागा सारख्या नव्हत्या. ताराबाई आधी आल्या. त्यांचे एक सूत्र आपल्याशीही जुळते. लग्नानंतर त्या अमरावतीस राहिल्या, तो संसार मोडल्यावर त्यांनी राजकोटच्या स्त्री अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद स्वीकारले, आणि १९२३ मध्ये ती चांगल्या पगाराची जागा सोडून त्या गिजुभाईंकडे भावनगरला गेल्या. हाती असलेला पगार सोडण्याची ताकद त्यांच्यात होती. बोर्डीचे ग्राम बाल शिक्षा केंद्र १९४५ मध्ये सुरू झाले ते त्यांच्या कल्पनेतून.

अनुताई तेथे पोहोचल्या त्या पूर्ण वेगळ्या वाटेने. बालवयात आलेले वैधव्य, ट्रेनिंग कॉलेज, मग नाशिक जिल्ह्यातील चांदोरीत मास्तरीणबाई, मग पुण्याच्या हुजूरपागेत प्राथमिकची शिक्षिका, आणि दिवसा शिकवून रात्रशाळेत स्वतः मॅट्रिकचा अभ्यास. वयाच्या पस्तिशीपर्यंत त्या ‘नोकरी करणाऱ्या शिक्षिका’ होत्या. पुढे बी.ए. झाल्या त्या पन्नाशी ओलांडल्यावर. म्हणून त्यांचे आत्मकथन वाचताना एक वेगळा आवाज ऐकू येतो. कल्पना ताराबाईंची, पण दारोदार फिरून मुले गोळा करणे, ती अंघोळ न करता आली तर त्यांना न्हाऊ घालणे, ती आलीच नाहीत तर आपण त्यांच्याकडे जाणे, ही कामे करणाऱ्याचा तो आवाज आहे. मुले गुरे राखावयास जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात न्यावी, ही ‘कुरणशाळे’ची कल्पना शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत एका ओळीत येते. पण मुले सांभाळीत, गुरांकडे लक्ष ठेवीत शिकविणे म्हणजे पायांना काय पडते, हे ज्याने ते केले तोच जाणतो.

अनुताईंनाही त्यागाची भाषा टाळता आली नाही, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. १९७३ मध्ये ताराबाईंच्या निधनानंतर संस्थेची धुरा त्यांच्यावर आली आणि पुस्तक लिहीपर्यंत त्याही संस्थेचा चेहरा झाल्या होत्या. तरीही दुसऱ्याच्या शाळेत काम करीत आपले शिक्षकपण घडविलेल्या माणसाचे हे आत्मकथन आहे. डी.एड. च्या विद्यार्थ्यांना ‘दिवास्वप्न’आधी ते द्यावे, असे माझे मत झाले आहे.

एक आक्षेप येथे विचारात घेतला पाहिजे. शिक्षणप्रयोगाच्या पुस्तकात पगाराची चर्चा नाही म्हणून तक्रार करणे म्हणजे आंब्याच्या झाडाला संत्री लागली नाहीत म्हणून रुसणे नव्हे काय? एका मर्यादेपर्यंत आक्षेप बरोबर आहे. लीला पाटील किंवा गिजुभाई यांनी जे लिहिले ते मुलांविषयी होते आणि मुलांविषयी ते अपुरे नाही. परंतु हे लेखन पुढे मुलांविषयी उरले नाही. त्यातील भाषा प्रशिक्षण वर्गांत, परिपत्रकांत, खासगी शाळांच्या रंगीत माहितीपत्रकांत शिरली. ‘आनंददायी शिक्षण’, ‘ज्ञानरचनावाद’, ‘कृतियुक्त अध्यापन’ हे शब्द आता शिक्षकाकडून मागितले जातात. दोन वर्ग एकत्र सांभाळणाऱ्या, मे महिन्यात गावोगाव फिरून पट भरणाऱ्या, फीच्या वसुलीची यादी स्वतः ठेवणाऱ्या शिक्षिकेला आनंद साधला नाही तर ती उणीव तिची ठरते. तिला स्वतःलाही ती आपलीच वाटते. ज्या लेखनाने शिक्षकाच्या परिस्थितीविषयी मौन पाळले त्या लेखनाला या अपराधभावाची जबाबदारी सर्वस्वी झटकता येणार नाही.

चांदूर बाजारच्या बाजूने

माझ्या विद्यार्थिनीची पुस्तके परत आली त्यानंतर काही महिन्यांनी मी तिच्याकडे उलट मागणी केली : तू लिही. ती म्हणाली, “मी कायले लिहू सर? मी शाळा थोडीच काढली.” या एका वाक्यात वर मांडलेला सारा मुद्दा आला आहे. लिहिण्याचा अधिकार शाळा काढणाऱ्याचा, हे तिने आपल्या वाचनातूनच ताडले होते.

तरी तिने एक वही ठेवली. पाठाच्या टाचणाचीच वही. उजव्या पानावर टाचण, डाव्या पानावर स्वतःसाठी नोंद. तिच्या परवानगीने मी ती वाचली. वाङ्मयीन गुणांची अपेक्षा ठेवून मी ती उघडली नव्हती आणि बऱ्याच नोंदी खरोखरच किरकोळ आहेत : एस.टी. चुकली, खडू संपले, पगार या महिन्यातही दोन हप्त्यांत. पण मधूनच असे काही येते की वाचणाऱ्याने थांबावे. आमच्याकडे खासगी शाळेची फी बागेशी बांधलेली आहे. आंबिया बहाराचा सौदा झाला की पालक फी भरतात, गारपिटीने फळ गळाले की शाळेचा पगारही गळतो. एके ठिकाणी तिने नोंदविले आहे की तिच्या वर्गातील अमुक मुलाच्या बापाला व्यापाऱ्याने पैसे दिले नाहीत, म्हणून तिला पगार नाही. आणि पगार नाही म्हणून घरमालकाला भाडे नाही. संत्र्याच्या पेटीपासून खडूपर्यंतची ही साखळी अर्थशास्त्राच्या एखाद्या सहकाऱ्याने अवश्य अभ्यासावी. शिक्षिका आणि पालक या साखळीत एकाच बाजूला आहेत, पण शाळेच्या फाटकाशी त्यांना समोरासमोर उभे राहावे लागते.

या वहीतील सर्वांत महत्त्वाची नोंद पहिल्या सत्राच्या शेवटची आहे. ज्यांची फी बाकी आहे त्या मुलांची गुणपत्रके बाजूला काढून ठेवावीत, असा तोंडी आदेश त्या दिवशी निघाला होता. ध्येयवादी संस्थापकाच्या आत्मकथनात असा प्रसंग आलाच तर तो आदेश झुगारणाऱ्याच्या बाजूने येईल, आणि वाचकाला बरे वाटेल. नोकरी करणारी शिक्षिका आदेश झुगारीत नाही. ती यादी करते. कोबायाशींच्या स्वयंपाकघरातील बाईंना जे बोलता आले नाही त्या जागेवरून ही नोंद लिहिली गेली आहे, म्हणून ती येथे तिच्याच शब्दांत देतो :

“यादी मीच केली. अकरा नावं. सातव्या नावाजवळ थांबले, कारण त्याले गणितात पहिल्यांदा पंचवीसपैकी बावीस पडले आणि त्याले ते म्या काल सांगून टाकलं होतं. तो विचारीन. काय सांगू, याचा विचार रातभर केला. सकाळी तो आलाच नाही. बापासंग बागेत गेला म्हणे. मले बरं वाटलं, अन् बरं वाटलं याचं वाईट वाटलं.”

समोरच्या उजव्या पानावर त्या दिवसाचे टाचण आहे. विषय : परिसर अभ्यास. घटक : आपल्या गावातील झाडे. साहित्य : संत्र्याची फांदी, पाने, फळ.